तींडी अर्ज

ता. ३ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ. वि. वि. फोन का उचलत नाहीस, असा तुझा निरोप मिळाला. उचलत नाही, कारण फोनवर तू हो आत्या, हो आत्या म्हणतोस आणि ठेवल्याबरोबर विसरतोस. पत्राचं तसं नसतं. ते टेबलावर पडून माणसाकडे बघत राहतं.

तुमच्या खात्याची 'पालिका निवास धोरण' ही पुस्तिका पोचली. मुखपृष्ठावर तीन बायका हसताहेत. कशाला हसताहेत ते कळलं नाही, पण छपाई बरी आहे. आत पहिल्याच ओळीत 'अर्जदार तो/ती' असं वाचलं आणि खरं सांगते, अंगावर मूठभर मांस चढलं. गेल्या वर्षी मसुदा दाखवायला पाठवलास तेव्हा मी तुला काय झोडलं होतं! चाळीस पानं, आणि जिथे तिथे तो, तो, तो. अर्जदार तो, भाडेकरू तो, तक्रार करणारा तो. शहरातल्या बायका काय वाफ होऊन उडाल्या, असं विचारलं होतं मी. कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी मराठीचे ऱ्हस्वदीर्घ छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांकडून शिकली, बत्तीस वर्षं सरकारची मुद्रितं तपासली, आणि म्हातारपणी सख्ख्या भाच्याच्या कागदात तिला स्वतःला शोधत बसावं लागलं. असो. या वेळी सापडले.

पुढची पानं वाचलेली नाहीत. निवृत्त मुद्रितशोधक फुकट वाचत नसतो. शिवाय चांगली बातमी एका पानात संपवावी, पुढे वाचलं की ती बिघडते.

आता काम. आमच्या मागच्या गल्लीत पालिकेच्या खोल्या आहेत. तिथे बारा नंबरात काजवाली राहते. कारखान्यातून शर्टांचा गठ्ठा येतो, ती खिडकीत बसून बटणांची काजं करते, दिवसाला अडीचशे. मैत्रीणच म्हण माझी. मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि ती मला सांगते की बाई, तुम्ही बातमीत स्वतःची मतं घुसडता. खोली नवऱ्याच्या नावावर आहे. तो चौदा वर्षांपूर्वी चपलेचा अंगठा शिवून आणतो म्हणून गेला. इतका मजबूत अंगठा कोण शिवतंय, देव जाणे.

तर गल्लीत लागलेल्या तुमच्या नोटिशीप्रमाणे, खोलीत जो खरोखर राहतो त्याने पंधरा मार्चपर्यंत ती आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर सोळा तारखेला पालिकेचं कुलूप. काजवालीला लिहिता-वाचता येत नाही. उजव्या डोळ्यावर पडदा आहे. आणि माणूस मुळात परगावचं, त्यामुळे कचेरीतले लोक तिचं बोलणं न समजल्याचं सोंग आणतात. तिने काय करायचं ते नीट लिही. धोरण तुझंच आहे.

तुझ्या आईला सांग, लोणी कमी खात जा. माझा लोभ आहे तो आहेच, अजून तरी तुझ्या कामावर अवलंबून ठेवलेला नाही.

तुझी,
आत्या


ता. ९ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र खरंच टेबलावर पडून माझ्याकडे बघत होतं, म्हणून लगेच लिहितोय. बाबांनी विचारलंय की तुझं गुडघ्याचं औषध संपलं का? त्यांच्या मते औषध संपलं की तुझी पत्रं तिखट होतात.

तुझं गेल्या वर्षीचं पत्र मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. पण छपाईला जायची वेळ आली तरी मसुदा होता तसाच. आदल्या दुपारी आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या की आता भाषा बदलायला वेळ नाही. मी म्हटलं, चार सेकंद द्या. संगणकाला हुकूम सोडला की जिथे जिथे 'तो' दिसेल तिथे 'तो/ती' कर, आणि कळ दाबली. तीनशे बारा जागी समता! अकरा जणांच्या समितीने टाळ्या वाजवल्या. बायकांसाठी इतक्या कमी वेळात इतकं काम आजवर कुणी केलं नसेल. परदेशी पाहुणे बघून गेले. अध्यक्षबाईंना सन्मानचिन्ह मिळणार आहे, आणि मला बहुधा त्याचा डबा.

काजवालीची काळजी सोड. नियम नऊ सांगतो की स्त्रीने अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात द्यावा. हाही तुझाच आग्रह. नवरे आणि दीर बायकांच्या नावाने अर्ज खरडतात आणि खोल्या लाटतात, असं तूच लिहिलं होतंस. लिहिता येत नसेल तर नियम चौदा: कुटुंबप्रमुखासमोर अंगठा. आणि तेही जमण्यासारखं नसेल तर नियम बावीस: तोंडी अर्ज. म्हणजे माणसाने बोलायचं आणि अधिकाऱ्याने लिहून घ्यायचं. पुस्तिकेत एकच ओळ आहे त्याची, पण ती मी कुणी न सांगता घातली आहे. खिडकी तीनवर जा आणि बावीस म्हण. दहा मिनिटांचं काम.

शाबासकी पत्राने पाठवलीस तरी चालेल. लोभ वाढला तर कळव, कमी झाला तर कळवू नकोस.

तुझा,
ठोंब्या


ता. १५ फेब्रुवारी

ठोंब्या,

आशीर्वाद खाली, उरले तर.

काल आम्ही दोघी गेलो. खिडकी तीनवरचा माणूस ओल्या साबणासारखा आहे. बोलतो गुळगुळीत आणि हातात येत नाही. त्याने आधी नियम नऊ काढला. अर्ज स्वतःच्या हस्ताक्षरात. मी म्हटलं, मी लिहिते, ती अंगठा देईल. त्याने पेन माझ्यापासून लांब सरकवलं. दुसऱ्याने लिहिलेला अर्ज चालत नाही म्हणे, बायकांच्या संरक्षणासाठी. मग नियम चौदा. कुटुंबप्रमुख कोण? त्याच्या वहीप्रमाणे नवरा. त्याला घेऊन या. काजवाली म्हणाली की मी त्याला आणू शकले असते तर तुमच्याकडे कशाला आले असते, त्यालाच धरून बडवला नसता का.

मग मी पुढे झाले आणि तुझ्या जिवावर मोठ्या दिमाखात म्हटलं, नियम बावीस. त्याने पान उघडलं. मग पुस्तिका माझ्याकडे फिरवली. मी वाचलं. ते तुझ्यासाठी उतरवून देते, एकेक अक्षर:

'अर्जदारास शक्यतो/ती तो/तींडी अर्जही करता येईल.'

खिडकीवाला म्हणाला की बाई, तींडी अर्ज म्हणजे काय याचं परिपत्रक आम्हाला आलेलं नाही. लेखी आणा, घेतो. खिडकी बंद. जेवणाची सुट्टी.

घरी आले, पेन्सिल काढली आणि चाळीसच्या चाळीस पानं वाचली. जी मी तीन तारखेलाच वाचायला हवी होती, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते. नळाची 'तो/तीटी' गळत असल्यास कळवावे. बेकायदा भिंत 'तो/तीडण्यात' येईल. पालिकेला होणारा 'तो/तीटा'. अर्जदार जिथे 'राहतो/ती'. अरे, ती राहते! राहती नाही! आणि पान अकरावर 'मातो/तीश्रींचे संपूर्ण नाव'. मातोश्री तरी मूळच्याच बाई होत्या ना रे? त्यांना कशाला पर्याय दिलास?

मी हसले. एकटीच, पोट धरून. मग खिडकीतून मागे बघितलं, तर काजवाली नेहमीच्या जागी बसून काजं करत होती, आणि मी पेन्सिल खाली ठेवली. तीनशे बारा जागी तू बाईला आत घेतलंस आणि एका जागी तिचं तोंड काढून टाकलंस. नेमकं तेवढंच तिच्यापाशी होतं.

एक महिना उरला आहे. दुरुस्त कर. लोभाबद्दल नंतर बोलू.

आत्या


ता. २१ फेब्रुवारी

ती. आत्यास,

सा. न., आणि या वेळी साष्टांग म्हणजे खरोखरच जमिनीवर.

मी संगणकाला 'तो' बदल म्हटलं. 'तोंडी'तला 'तो' सोड, असं म्हटलं नाही. त्या मूर्खाला काय कळतंय, आणि या मूर्खाला तेव्हा कळलं नाही. मातोश्री मी कार्यालयात कुणाला दाखवल्या नाहीत. एकट्याने बघितल्या आणि पाणी प्यायलो.

शुद्धिपत्रक काढावं लागेल. त्याला समितीची मंजुरी लागते आणि समितीची बैठक अठरा मार्चला. तुझी तारीख पंधरा. अध्यक्षबाईंकडे धावत गेलो, म्हटलं आधीच सही द्या. त्या म्हणाल्या की भाषेचं सगळीकडे कौतुक होतंय आणि तू चुका कसल्या काढतोस? परदेशी पाहुण्यांनी म्हणे तींडी शब्दाचा अर्थ विचारला होता, आणि बाईंनी तो फार जुना शब्द असल्याचं सांगून टाकलंय. आता त्यांना तो जुनाच ठेवावा लागणार.

आत्या, अजून एक लिहितो. रागाव, पण वाच. तो आणि ती यांचा हट्ट कुणाचा होता? स्वतःच्या हस्ताक्षराचा नियम कुणी घालायला लावला? मी ते पत्र आज पुन्हा वाचलं. आठ पानं. त्यात बाई, बाई, बाई असं चाळीस वेळा आहे, पण सगळ्या चाळीस जागी ती एकच बाई आहे. ती चष्मा लावते, तिला कायदा कळतो आणि तिला अर्ज लिहिता येतो, ऱ्हस्वदीर्घासकट. मीही दुसऱ्या कुणाचा विचार केला नाही. मला बाई म्हटलं की तूच दिसतेस, लहानपणापासून.

काय करू ते सांग. लोभाचं काय ते तूच ठरव.

तुझा,
ठोंब्या


ता. २६ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ. वि. वि. तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. तिसऱ्या दिवशी हरले. आमच्या शाळेत सिस्टर म्हणायच्या की चूक कबूल करताना हात पुढे कर आणि डोळे उघडे ठेव, फुटपट्टी कुठे बसते ते दिसलं पाहिजे. दिसलं. बरोबर बसली.

मग पुस्तिका पुन्हा घेतली आणि या वेळी अक्षरं न बघता माणसं बघितली. अरे, तुम्ही प्रत्येक प्रकरणात एकेक माणूस बसवून ठेवला आहे आणि तो दुसऱ्या प्रकरणातल्याला ओळखत नाही. बायकांच्या प्रकरणातली बाई शिकलेली. निरक्षरांच्या प्रकरणातला माणूस पुरुष, आणि घरचा कर्ता. डोळ्यांनी अधू असणाऱ्यांच्या प्रकरणात, पान सव्वीस बघ, अर्जदाराच्या 'पत्नीने' हात धरून आणावे. म्हणजे तोही पुरुषच. परगावच्या लोकांच्या प्रकरणात मालकाचं पत्र मागितलं आहे; काजवालीचा मालक कोण, तो गठ्ठा? चारही दारांतून तिला आत यायचा हक्क आहे, आणि प्रत्येक दाराशी तिला शेजारचं दार दाखवतात. हे मी छापखान्यात असताना कधी पकडलं नसतं. तिथे आम्ही काना-मात्रा बघायचो.

तिला सगळं सांगितलं. तुझी कळ, माझा हट्ट, काही लपवलं नाही. मला वाटलं होतं की शिव्या देईल. तिने दातांनी दोरा तोडला आणि विचारलं की मग आत्ता त्या पुस्तकात नेमकं काय लिहिलंय? मी सांगितलं, तींडी. तिने दोनतीनदा घोळवून बघितला तो शब्द. मग म्हणाली की ठीक आहे, मी तींडी अर्ज देते. मी म्हटलं, अगं तो शब्दच नाही. ती म्हणाली की पुस्तकात छापलाय ना? मग असायची जबाबदारी त्यांची. मला तसेही त्यांचे सगळे शब्द सारखेच.

तिचं एक म्हणणं मला पटलं. चुकीचं आहे असं आपण सांगत बसलो तर ते दुरुस्त होईपर्यंत थांबायला सांगतील. बरोबर आहे असं धरून चाललं तर चुकीचं आहे हे त्यांना सांगावं लागेल, आणि ते कुणाच्या बापाच्याने होणार नाही.

तुझ्याकडे मागणं एकच. मुख्य कार्यालयात फोन आला आणि तींडी म्हणजे काय असं विचारलं, तर तू काय सांगणार आहेस ते आधीच ठरवून ठेव. खोटं बोलू नकोस. फक्त नीट उच्चार कर.

लोभ होता तेवढ्यावर आणून ठेवला आहे.

तुझी,
आत्या


ता. ११ मार्च

चि. ठोंब्यास,

अ. उ. आ. वि. वि. काल गेलो होतो. बसून वाच.

आमचा नंबर सतरावा. मी नेहमीसारखी पुढे सरसावणार, तेवढ्यात काजवालीने मला कोपराने मागे सारलं आणि सांगितलं की बाई, आज तुम्ही गप्प. सिस्टरांच्या नंतर हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी गप्प.

तिने खिडकीत वाकून, मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की ती नियम बावीसप्रमाणे तींडी अर्ज द्यायला आली आहे. साबण म्हणाला, द्या. म्हणजे कागद द्या. ती म्हणाली की कागद कसा असेल, तींडी आहे. तो म्हणाला की तींडी म्हणजे नेमकं, आणि वाक्य गिळलं, कारण रांगेतल्या दोघातिघांनी माना वर केल्या होत्या. तिने अगदी मायेने विचारलं की साहेब, तुम्हाला तींडी माहीत नाही का हो? ठोंब्या, कचेरीतला माणूस उशिरा आल्याचं कबूल करेल, फाइल हरवल्याचं कबूल करेल, पण एक गोष्ट माहीत नसल्याचं कबूल करणार नाही. तो ताठ झाला. माहीत नसायला काय झालं म्हणे, पण तींडीचं काम आत साहेबांकडे असतं.

आत साहेब. टेबलाच्या काचेखाली स्वतःच्याच मुलांची प्रगतिपुस्तकं. त्याने विचारलं की तींडी बरोबर आणली आहे का. ती म्हणाली, आणली आहे. किती प्रती? ती म्हणाली की जन्मापासून एकच आहे. माझं गुडघ्याचं दुखणं तेव्हा कामी आलं. हसू आवरायला दुखरा गुडघाच दाबून धरला.

मग साहेबाने खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि फोन लावला. कुजबुजला. ऐकलं. दोनदा बरं बरं म्हणाला. पलीकडे तूच होतास, हे मला त्याच्या मानेवरून कळलं. हळूहळू सैल होत गेली. फोन ठेवून वळला, तो जन्मल्यापासून तींडीच घेत आल्यासारखा. पेन उघडलं आणि म्हणाला, हं बाई, बोला.

ती बोलली. पाऊण तास. चौदा वर्षांत छत किती वेळा तिने स्वतः लिंपलं. शेजारच्या भिंतीला ओल कुठून येते. कुठल्या साली पालिकेचा माणूस मोजमाप घेऊन गेला आणि तिच्या खोलीची लांबी लिहायची विसरला. नवऱ्याचा धंदा विचारला, तर म्हणाली, चालणं. साहेबाने तेही लिहिलं. आडनाव तिने माहेरचं सांगितलं; म्हणाली की दुसरं त्याचं होतं, तो घेऊन गेला. शेवटी तिने ते सगळं परत वाचून दाखवायला लावलं. एका जागी थांबवलं. मी चौदा वर्षं म्हटलं, तुम्ही बरीच वर्षं लिहिलंत. साहेबाने मुकाट्याने खोडून चौदा केलं. मुद्रितशोधक मी की ती, असा मला प्रश्न पडला.

अंगठा, शिक्का, वहीत नोंद: तींडी अर्ज क्रमांक एक. आम्ही बाहेर आलो तर रांगेतली एक म्हातारी साबणाला सांगत होती की तिचाही तींडीच आहे.

आता खोलीचं पत्र येईपर्यंत काजवालीला झोप लागेल असं वाटत नाही, आणि मलाही. वरून काही कळलं तर लिही. तुझ्या उच्चाराबद्दल शाबासकी. लोभ जरा वाढला आहे, माजू नकोस.

तुझी,
आत्या


ता. १९ मार्च

ती. आत्यास,

सा. न. वि. वि. आधी बातमी: बारा नंबर मंजूर. पत्र टपालात पडलं. आता श्वास सोड.

फोन आला तेव्हा अध्यक्षबाई माझ्या टेबलाशीच उभ्या होत्या. तुझ्या साहेबाने तींडीचा नमुना विचारला. मी अगदी स्पष्ट सांगितलं की अर्जदाराने बोलायचं, अधिकाऱ्याने लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं. वाचून दाखवायचं, हे मूळ नियमात नव्हतं. तोंडाला आलं आणि घातलं. अध्यक्षबाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, बरोबर, जुनी पद्धत आहे.

काल बैठक झाली. आठवड्यात त्रेसष्ट तींडी अर्ज. मी यादी वाचून दाखवली. म्हाताऱ्या आहेत, परक्या भाषेच्या आहेत, एकीचे दोन्ही हात यंत्रात गेलेत. तिला आपल्याच लोकांनी तीन वेळा स्वतःच्या हस्ताक्षराचा नियम वाचून दाखवला होता. मग मी उभा राहिलो आणि कळ मीच दाबली होती हे सांगितलं. मातोश्रींसकट. एकजण हसला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या की आता शब्द राहू दे, लोक वापरताहेत.

वाटलं, सुटलो. तर एक सदस्य म्हणाले की त्रेसष्ट अर्ज म्हणजे सुसूत्रता हवी, तर तींडीचा छापील नमुना काढू. तीन प्रती, मंजुरी बाकी असलेल्या बासष्टजणींकडूनही. आणि अर्जदाराने तो स्वहस्ताक्षरात भरावा. आत्या, दहा माना डोलल्या! मी नाही म्हटलं. इतक्या जोरात की बाहेरचा शिपाई आत आला. विचारलं की या टेबलावरच्या एकाने तरी कधी तींडी अर्ज दिलाय का? दिला नसेल तर जिने दिलाय तिला विचारा.

अध्यक्षबाई मनाने वाईट नाहीत. म्हणाल्या, बोलवा तिला. सहा एप्रिल, सकाळी अकरा. निमंत्रणावर हुद्दा लिहावा लागतो, मी 'तज्ज्ञ' लिहिलं. तिला विचारशील का? ती आली नाही तर तो नमुना छापला जाणार, आणि तिच्यामागच्या बासष्टजणींचं काय होईल ते तुला कळतंच आहे.

तुझा लोभ काजवालीच्या हातून पाठव, टपालात हरवतो.

तुझा,
ठोंब्या


ता. २८ मार्च

साहेबांस,

सा. न. वि. वि. हे वरचं न वि वि मी बोललेली नाही, बाईंनी घातलंय. मी नमस्कार म्हटलं होतं. पत्र मी बोलतेय आणि तुमची आत्या लिहून घेतेय. मध्ये मध्ये तिचं पेन थांबतं, तेव्हा ती माझा शब्द बदलत असते. मला वाचता येत नाही, पण पेन थांबलेलं दिसतं. एका डोळ्याने सुद्धा.

सहा तारखेला येते. पण त्या दिवशीची अडीचशे काजं कोण करणार? गठ्ठा बरोबर आणते. मी बोलत असताना तुमच्या त्या अकरा जणांनी करावीत. प्रत्येकाला बावीस-तेवीस येतील. हात कामात असले की माणसं मुकाट्याने ऐकतात, हा माझा तींडी अनुभव आहे.

तज्ज्ञ म्हणजे काय ते बाईंनी सांगितलं. ज्याला एका गोष्टीतलं सगळं कळतं तो. मग मी नव्हे. मला एका गोष्टीतलं नाही, एका खोलीतलं सगळं कळतं. त्या खोलीत बाईपण आहे, डोळा आहे, अडाणीपण आहे आणि गाव सुटलेलं आहे, आणि सगळं एकाच दोरीवर वाळत घातलंय. तुम्ही पुस्तकात चार दोऱ्या बांधल्यात. माझ्याकडे तेवढ्या भिंती नाहीत. हे मी तिथे बोलणार आहे, आत्ता सांगून ठेवते, नंतर बैठकीत दचकू नका.

तुमच्या चुकीचं मला काही वाटत नाही. तुम्ही ती बोलून दाखवलीत, तेवढं पुष्कळ. माझा माणूस अंगठा शिवायला जातोय असं बोलला होता.

खोलीचं पत्र आलं. बाईंनी वाचून दाखवलं आणि एकदम किंचाळल्या. मला वाटलं खोली गेली. तसं नाही. पत्रावर श्री. आणि श्रीमती असं दोन्ही छापलेलं असतं म्हणे, आणि नको ते खोडायचं असतं. तुमच्या लोकांनी श्रीमती खोडलंय आणि श्री. ठेवलंय. पुढे माझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि माहेरचं आडनाव. दारावर लावायची पाटी आली आहे, तिच्यावरही तसंच. बाईंना तेव्हापासून चैन नाही. दुरुस्त करून आणते, आत्ता जाते, चपला कुठे आहेत, असं चाललंय.

मी त्यांना सांगितलं, हात लावाल तर याद राखा. पाटी मी आज सकाळी स्वतः ठोकली, चार खिळ्यांनी. माझा नवरा चौथी शिकलाय. कधी अंगठा शिवून परत आलाच, तर दारात उभा राहून वाचेल. आत कुणी दुसरे श्री राहतात म्हणून पायरीवरूनच माघारी जाईल. शाळेत घातला होता, त्याचा एवढा तरी उपयोग होऊ दे.

लोभ असेल तेवढा पाठवून द्या. ठेवायला आता स्वतःची जागा आहे.

काजवाली
(अंगठा)